ट्रेडिंग कार्डचं ग्रेडिंग: पाठवण्याआधी घरी काय तपासायचं आणि किंमत कशी काढायची

भिंगधारी

ग्रेडिंग म्हणजे एखादी कंपनी कार्ड तपासून त्याला १० पैकी गुण देते आणि लेबल लावून ते प्लॅस्टिकच्या बंद पेटीत, म्हणजे स्लॅबमध्ये, घालून परत पाठवते. कार्डाचा फोटो टाकून "याला १० मिळेल का?" असं विचारणारे बरेच जण असतात. फोटोवरून त्याचं खरं उत्तर कुणालाच देता येत नाही. ज्याच्या हातात कार्ड आहे, त्याला मात्र अर्ध्या तासात बऱ्यापैकी पक्का अंदाज बांधता येतो. तो कसा बांधायचा यासाठी हा धागा. उदाहरणं मुख्यतः पोकेमॉनच्या १९९९ च्या इंग्रजी बेस सेटमधली, म्हणजे पहिल्या संचातली, घेतो, कारण पिवळी बॉर्डर आणि गडद निळी पाठ यांमुळे दोष तिथे लवकर कळतात. जाणकारांनी भर घालावी.

लागणारं सामान थोडंच आहे. सराफाकडे असतं तसं १० पट भिंग, पांढऱ्या उजेडाची एलईडी बॅटरी, सपाट काचेचा स्कॅनर, काळं मऊ कापड आणि पातळ स्लीव्ह, म्हणजे कार्डाचं प्लॅस्टिकचं पाकीट. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. हातमोजे टाळलेले बरे, सुती मोज्यात कार्डाचा अंदाज येत नाही आणि कोपरा अडकतो.

सुरुवात सेंटरिंगपासून करा, म्हणजे चित्र कार्डावर किती मधोमध छापलं आहे ते बघा. ते कुणालाच सुधारता येत नाही, त्यामुळे निम्मी कार्डं तिथेच बाद होतात आणि पुढचा वेळ वाचतो. कार्ड ६०० डीपीआयवर स्कॅन करा. त्यात १ मिमी म्हणजे साधारण २३.६ पिक्सेल. समजा डावी बॉर्डर ७६ पिक्सेल आणि उजवी ६२ भरली. बेरीज १३८, मोठी बाजू भागिले बेरीज म्हणजे ५५ टक्के. हे झालं ५५/४५. आता वरची ८४ आणि खालची ५७ असेल, तर बेरीज १४१ आणि गुणोत्तर ६०/४०. हा फरक फक्त २७ पिक्सेलचा, म्हणजे सव्वा मिलिमीटरही नाही. डोळ्याला कार्ड छान मधोमध दिसतं, पण पीएसए या ग्रेडिंग कंपनीच्या १० साठी समोरची बाजू आता ५५/४५ च्या आत लागते. पूर्वी ६०/४० पर्यंत चालायचं, त्यामुळे जुन्या लेबलाची १० गुणांची कार्डं बघून आपला अंदाज बांधू नका. मागच्या बाजूला ७५/२५ पर्यंत सवलत आहे. ९ साठी समोर ६०/४० आणि मागे ९०/१०, ८ साठी समोर ६५/३५.

एकाच बाजूची बॉर्डर दोन टोकांना मोजा. वरच्या टोकाला ३.२ मिमी आणि खालच्या टोकाला २.८ भरली, तर छपाई तिरकी बसली आहे. सरासरी चांगली आली तरी तिरकं कार्ड तपासनिसाच्या नजरेत लगेच येतं.

कोपरे आणि कडा पाठीमागून बघायच्या. निळ्या कडेवर पांढरा ठिपका भिंगातून लख्ख दिसतो. एका कोपऱ्यावर टाचणीच्या टोकाएवढा पांढरेपणा असला तरी ९ शक्य असतो, दोन-तीन कोपऱ्यांवर असला की ८ किंवा खाली. नवीन पॅकमधून आत्ता काढलेल्या कार्डालाही हे असू शकतं, कारण कारखान्यात कापणाऱ्या पात्याची धार उतरलेली असली की कडेचा रंग उडतो. "पॅकमधून थेट स्लीव्हमध्ये" हा चांगल्या गुणांचा पुरावा नाही, तो एवढ्याचसाठी.

सगळ्यात जास्त वेळ पृष्ठभागाला द्या. खोली अंधारी करा, कार्ड काळ्या कापडावर ठेवा आणि बॅटरी बाजूने, जवळजवळ आडवी धरा. मग कार्ड हळूहळू गोल फिरवा. ओरखडा एका दिशेला चमकतो आणि दुसऱ्या दिशेला नाहीसा होतो, म्हणून चारही बाजूंनी उजेड टाकल्याशिवाय निकाल देऊ नका. होलोच्या, म्हणजे चमकत्या फॉइलच्या, चित्रात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेलेली बारीक रेघ दिसली, तर ती बहुधा छपाईतली असते, वापरातली नाही. गुण कापले जायचे ते जातातच. पण सगळ्यात फसवा दोष म्हणजे खळगा. नखाचा किंवा बाइंडरच्या रिंगचा दाब पडून बसलेला. वरून उजेड टाकला तर तो दिसतच नाही.

स्वरदा

उत्तम धागा. दोन प्रश्न आहेत. एक म्हणजे मोबाइलवर सेंटरिंग मोजणारी अ‍ॅप मिळतात, ती स्कॅनरऐवजी चालतील का? दुसरं, बॉर्डर नसलेली फुल आर्ट कार्डं असतात, त्यांचं सेंटरिंग कसं काढायचं?

भिंगधारी

स्वरदा, अ‍ॅपचं गणित बरोबर असतं, घोटाळा फोटोत होतो. फोन किंचित तिरका धरला तरी जवळची बॉर्डर रुंद येते आणि ५५/४५ चं ५८/४२ होतं. पर्याय नसेल तर फोन कार्डापासून दूर, स्टँडवर, कार्डाला अगदी समांतर धरा, झूम करून फोटो घ्या, मग कार्ड १८० अंशांत फिरवून दुसरा घ्या. दोन्हींचं उत्तर जुळलं तरच विश्वास ठेवा.

स्कॅनरबद्दल एक सूचना. बाजारात मिळणारे पातळ, यूएसबीवर चालणारे स्कॅनर काचेला टेकलेलीच वस्तू स्पष्ट टिपतात. कार्ड टॉपलोडरमध्ये, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या कव्हरात, असेल तर चित्र धूसर येतं. अशा वेळी पातळ स्लीव्हमध्ये ठेवूनच स्कॅन करा, आणि वाकलेल्या फॉइल कार्डावर झाकण दाबू नका.

फुल आर्टला मागची बाजू मोजता येते. समोर कार्डाच्या आत बारीक चौकट किंवा मजकुराच्या पेट्या असतात, त्यांचं कडेपासूनचं अंतर धरायचं. तिथे तपासनिसाचं मत थोडं जास्त चालतं, हे मान्य करायला हवं.

खाडीपलीकडे

वरच्या माहितीला एक महत्त्वाची जोड. एकूण गुण म्हणजे चार घटकांची सरासरी नव्हे. सेंटरिंग, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग यांतला सगळ्यात कमकुवत घटक कार्डाला खाली ओढतो. बेकेट या दुसऱ्या ग्रेडिंग कंपनीच्या लेबलवर चारही उपगुण छापून घेता येतात, तिथे हे सरळ दिसतं. तीन ठिकाणी ९.५ आणि कोपऱ्याला ८ असेल तर एकूण ९.५ मिळणार नाही. म्हणून घरी तपासताना "बाकी सगळं मस्त आहे" याला काही अर्थ नसतो. सगळ्यात वाईट जागा शोधा आणि तिथूनच अंदाज बांधा.

ग्रेडिंग कंपन्यांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून तुलना करताना जपून. पीएसएमध्ये ८.५ आहे, पण ९.५ नाही, ९ नंतर थेट १०. बेकेटमध्ये ९.५ म्हणजे जेम मिंट, त्यावर १० प्रिस्टिन, आणि चारही उपगुण १० असतील तर काळं लेबल. सीजीसीने २०२३ मध्ये मोजपट्टी बदलली. त्याआधी त्यांच्याकडे ९.५ ला जेम मिंट म्हणत, आता जेम मिंट १० आहे आणि ९.५ ला मिंट प्लस म्हणतात. म्हणजे जुनं सीजीसी ९.५ आणि नवं सीजीसी ९.५ ही एकच गोष्ट नाही. विकणारे हे सांगत नाहीत, लेबलवरचे शब्द स्वतः वाचा.

एसजीसी या आणखी एका ग्रेडिंग कंपनीला पीएसएच्या मूळ कंपनीने २०२४ मध्ये विकत घेतलं, तरी लेबलं वेगळी आहेत आणि बाजारभावही वेगळा. जुन्या बेसबॉल कार्डांत एसजीसीला मान आहे. २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलेलं टॉप्स कंपनीचं १९५२ चं, बेसबॉलपटू मिकी मँटलचं कार्ड एसजीसी ९.५ होतं. पोकेमॉनमध्ये मात्र त्याच दर्जाच्या कार्डाला पीएसए लेबलवर सहसा जास्त पैसे येतात.

तळेगावकर

मुलांनी खेळण्यांच्या दुकानातून आणलेली सोनेरी पोकेमॉन कार्डं घरात आहेत, पन्नास-पंचावन्नचा गठ्ठा असतो ती. त्यांतली चारिझार्ड या पोकेमॉनची दोन कार्डं अगदी कोरी आहेत. ती ग्रेडिंगला पाठवण्यात अर्थ आहे का? आणि खरं-खोटं घरी कसं ओळखायचं?

जुनाठेवा

तळेगावकर, गठ्ठ्याने मिळणारी सोनेरी प्लॅस्टिकची कार्डं सगळी नकली असतात. मुलांना खेळू द्या, पाठवू नका. बनावट कार्डाला गुण मिळत नाहीत, ते शेरा मारून परत येतं आणि टपालखर्च वाया जातो.

कागदी कार्डांसाठी एकाच चाचणीवर विसंबू नका. त्याच सेटमधलं एक स्वस्त, खात्रीचं कार्ड शेजारी ठेवा आणि दोन्ही बघा. आधी मागची बाजू. नकलेत निळा रंग बहुधा फिका किंवा जांभळट येतो. पुढे पोकेमॉन या शब्दातल्या "ई" वरचं छोटं चिन्ह आहे का ते पाहा, हल्ले लिहिलेल्या मजकुराचा टाइप आणि ऊर्जेच्या चिन्हांचा आकार जुळवा. मग भिंग. खऱ्या कार्डावरचं चित्र ऑफसेट छपाईचं असतं, म्हणजे चार रंगांच्या ठिपक्यांची छोटी छोटी फुलं दिसतात, पण काळी अक्षरं सलग, भरीव असतात. नकली कार्ड बहुतेक वेळा खऱ्याचं स्कॅन करून छापलेलं असतं. त्यामुळे अक्षरंसुद्धा ठिपक्यांनी बनलेली दिसतात आणि कडा विस्कटलेल्या. ही एक गोष्ट नीट बघायला शिकलात तरी बाजारातल्या बहुतेक नकला पकडता येतात.

तिसरी चाचणी बॅटरीची. खऱ्या कार्डात कागदाच्या दोन थरांमध्ये गडद थर असतो. अंधारात मागून उजेड टाकला तर फारच थोडा पार येतो. स्वस्त नकलेतून बल्ब स्पष्ट दिसतो. चांगल्या नकलाही आता गडद थर घालतात, म्हणून ही चाचणी शेवटी. कार्ड फाडून थर बघण्याचा सल्ला काही ठिकाणी दिसतो, तो एखाद्या साध्या, जास्तीच्या कार्डावरच करायचा.

जुनाठेवा

आणखी एक, कारण यात किमतीचा फरक प्रचंड आहे. १९९९ च्या बेस सेटच्या छपाया वेगळ्या ओळखा. पहिल्या आवृत्तीवर चित्राच्या चौकटीखाली डावीकडे काळा गोल शिक्का असतो. त्यानंतरची छपाई शॅडोलेस, शिक्का नाही आणि चौकटीच्या उजव्या कडेला सावलीही नाही. त्यानंतरची अनलिमिटेड, तिला सावली आहे. सगळ्यात खालच्या कॉपीराइटच्या ओळीत शॅडोलेसवर "१९९५, ९६, ९८, ९९" असे आकडे येतात, अनलिमिटेडवर त्यातला ९९ नसतो. विक्रेत्याने "शॅडोलेस" लिहिलं असेल तर त्या ओळीचा जवळून काढलेला फोटो मागा. पहिल्या आवृत्तीचं चारिझार्ड, १०२ पैकी ४ क्रमांकाचं, पीएसए १० मध्ये २०२२ साली ४ लाख २० हजार डॉलरला गेलं. तेच चित्र असलेलं अनलिमिटेड त्याच्या जवळपासही येत नाही. अनलिमिटेडवर खोटा शिक्का मारण्याचे उद्योगही चालतात. शिक्का असेल तर कार्ड शॅडोलेस मांडणीचंच असायला हवं, अपवाद फक्त स्टार्टर डेकमधल्या मशॅम्पचा. शिक्का आहे आणि सावलीही आहे, अशा बेस सेटच्या इतर कोणत्याही कार्डापासून लांब राहा.

स्वरदा

कार्ड स्वच्छ करून पाठवावं की नाही, यावर वेगवेगळी मतं ऐकली आहेत. होलोवर बोटाचे ठसे असतील तर?

भिंगधारी

ठसा किंवा धूळ असेल तर कोऱ्या, कोरड्या मायक्रोफायबर कापडाने, दाब न देता, होलोवरून एकाच दिशेने अलगद पुसावं. आधी रबरी फुग्याच्या फुंकणीने धूळ उडवून घ्या, नाहीतर तोच कण कापडाखाली सापडून ओरखडा पडतो. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा बारीक थेंब फॉइलवर डाग पाडतो. एवढ्यावर थांबावं हे माझं मत.

पाणी, काचेचा स्प्रे, पॉलिश, कडेला मार्कर, वाकलेलं कार्ड इस्त्रीने किंवा यंत्राने दाबणं, हे सगळं फेरफारात मोडतं. पीएसए अशा कार्डाला गुण न देता कारणाचा कोड देऊन परत पाठवते: एन१ म्हणजे कापल्याचा पुरावा, एन२ दुरुस्ती, एन३ रंग भरलेला, एन७ स्वच्छ केल्याचा पुरावा. कडेला लावलेलं मार्कर अतिनील उजेडाखाली बऱ्याचदा वेगळ्याच छटेत दिसतं.

खाडीपलीकडे

भिंगधारी, कोरड्या कापडाबद्दल सहमत, पण जुन्या बेसबॉल कार्डांच्या बाबतीत एक अपवाद सांगतो. मेणकागदाच्या पॅकमधल्या टॉप्सच्या कार्डांवर मेणाचा पातळ थर बसलेला असतो. समोरच्या चकचकीत बाजूवरचं मेण नायलॉनच्या कापडाने हळू चोळून काढणं संग्राहकांमध्ये रूढ आहे, त्यात काही भर घातली जात नाही किंवा कागद बदलत नाही. पाठीवरचं मेण मात्र कागदात मुरलेलं असतं. तिथे चोळलं की कागदाचे तंतू उभे राहतात आणि डागापेक्षा मोठा दोष तयार होतो. पॅकमधल्या च्युइंगगमचा डाग तर मुळीच चोळू नये.

कापण्याच्या बाबतीत तर या छंदातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण आहे. टी२०६ मालिकेतलं बेसबॉलपटू होनस वॅग्नरचं कार्ड हे १९०९ ते १९११ च्या काळातलं, तंबाखूसोबत मिळणारं कार्ड. हॉकीपटू वेन ग्रेट्स्की आणि त्याच्या संघाचा मालक ब्रूस मॅकनॉल यांनी १९९१ मध्ये घेतलेली त्याची प्रत पीएसएने गुण दिलेलं पहिलं कार्ड ठरली, गुण ८. पुढे लिलावदार बिल मास्ट्रो याने २०१३ मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला, तेव्हा त्या कार्डाच्या कडा आपण कापल्या होत्या हेही त्याने मान्य केलं. म्हणजे लेबल हे एका तपासणीतून दिलेलं मत आहे. विकत घेताना स्लॅबमधलं कार्डही वर सांगितलेल्या पद्धतीनेच बघावं.

कापलेली कड ओळखायची तर त्याच सेटच्या पाच-सहा साध्या कार्डांच्या गठ्ठ्यात ते मध्ये ठेवा आणि गठ्ठा टेबलावर ठोकून एकसारखा करा. कापलेलं कार्ड एका बाजूला आत राहतं. भिंगाखाली कारखान्यातली कड किंचित एका बाजूला मुडपलेली दिसते. घरी कापलेली कड फारच स्वच्छ, चमकदार, नाहीतर लाटांसारखी. पोकेमॉनचं कार्ड ६३ बाय ८८ मिमी, अमेरिकी क्रीडा कार्ड अडीच बाय साडेतीन इंच. पण नुसतं माप कमी भरलं म्हणून कापलंच आहे असं नव्हे. कारखान्यातूनही काही कार्डं आखूड निघतात, त्यांना पीएसए एन६ देते, म्हणजे किमान आकार नाही.

तळेगावकर

आता मुद्द्याचा प्रश्न. पाठवायचं की नाही, याचा हिशेब कसा मांडायचा? पीएसए १० चा भाव बघून तर सगळीच कार्डं पाठवावीशी वाटतात.

एडिसनकर

तीच चूक सगळ्यात महाग पडते. हिशेब १० च्या भावावर नाही, सगळ्या शक्यता एकत्र धरून करायचा. समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेतो.

समजा रॉ कार्डाचा, म्हणजे स्लॅबशिवायचा भाव ६,००० रुपये. पीएसए १० चा ३०,०००, ९ चा ९,००० आणि ८ चा ५,५००. ग्रेडिंग फी, जाण्यायेण्याचं टपाल, विमा आणि जकात धरून एका कार्डामागे खर्च ४,५००. विक्रीवर दलाली १३ टक्के. घरच्या तपासणीवरून तुम्ही शक्यता लावल्या: १० मिळण्याची २० टक्के, ९ ची ५० आणि ८ ची ३०. अपेक्षित विक्री ६,००० अधिक ४,५०० अधिक १,६५०, म्हणजे १२,१५०. त्यातून दलाली सुमारे १,५८० आणि खर्च ४,५०० वजा केला की ६,०७० उरतात. तेच कार्ड आहे तसं विकलं तर दलाली जाऊन ५,२२० येतात. फायदा साडेआठशे रुपये, आणि त्यासाठी काही महिने कार्ड व पैसे अडकून.

आता १० ची शक्यता २० ऐवजी १० टक्के धरा आणि ८ ची ४०. अपेक्षित विक्री ९,७०० वर येते, हातात ३,९४० च्या आसपास राहतात. म्हणजे रॉ विकण्यापेक्षा जवळजवळ १,३०० रुपयांचं नुकसान. सगळा खेळ त्या एका टक्केवारीवर आहे, आणि ती तुम्हाला सेंटरिंगच्या मोजमापातून आणि भिंगातूनच मिळते. बाजारातल्या भावातून मिळत नाही.

स्वरदा

आणि ते भाव तरी कुठून घ्यायचे? एकाच कार्डाला तीन ठिकाणी तीन आकडे दिसतात.

एडिसनकर

मागितलेली किंमत कधीच धरू नका, फक्त झालेली विक्री धरा. ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तूंची चाळणी लावता येते. तिथेही एक खाच आहे. खरेदीदाराने कमी बोली लावून विक्रेत्याने ती मान्य केली असेल, तर मूळ किंमत खोडलेली दिसते आणि खरा आकडा दिसत नाही. १३०पॉइंट या संकेतस्थळावर तो मान्य झालेला आकडा बघता येतो. पीएसएच्या स्वतःच्या लिलावभावांच्या नोंदीही उपयोगी पडतात.

निदान शेवटच्या पाच-सहा विक्र्या घ्या. एखादी फार वर किंवा फार खाली असेल तर ती का, हे तपासा. बऱ्याचदा छपाई वेगळी निघते, भाषा वेगळी निघते किंवा कार्डाचा फोटोच वाईट असतो. सरासरीऐवजी मधला आकडा धरलेला बरा. आणि तारीख पाहा. २०२० आणि २०२१ मध्ये भाव प्रचंड चढले होते, कार्डांचा ढीग एवढा साचला की मार्च २०२१ मध्ये पीएसएला स्वस्तातल्या बहुतेक सेवा काही काळ बंद ठेवाव्या लागल्या. त्या काळातले आकडे आज कामाचे नाहीत.

पॉप रिपोर्ट, म्हणजे कोणत्या गुणांची किती कार्डं नोंदली गेली आहेत तो तक्ता, जरूर बघा, पण आकडा जसाच्या तसा घेऊ नका. लोक ९ चं स्लॅब फोडून कार्ड पुन्हा पाठवतात आणि जुनं लेबल परत करत नाहीत. मग एकच कार्ड दोनदा मोजलं जातं. याच्या उलट, एखाद्या स्वस्त कार्डाच्या १० गुणांच्या प्रती फक्त चार असतील, तर ते दुर्मीळ असेलच असं नाही. पाठवण्याइतकी किंमतच नसते, म्हणून कुणी पाठवत नाही.

खाडीपलीकडे

एडिसनकर, हिशेब पटला. त्यात वर्गाचा मुद्दा जोडा. पीएसएची फी कार्डाच्या घोषित किमतीप्रमाणे ठरते. कमी किंमत लिहून स्वस्त वर्गात टाकलं आणि गुण मिळाल्यावर कार्ड त्या वर्गाच्या मर्यादेपेक्षा महाग निघालं, तर वरच्या वर्गाची फी आकारली जाते. शिवाय वाटेत हरवलं तर विमा कमी किमतीवरच.

एडिसनकर

बरोबर. पॅकिंगचंही लिहितो, कारण चांगली कार्डं इथेच खराब होतात. आधी पातळ स्लीव्ह, मग अर्धकडक होल्डर. पीएसए असेच होल्डर मागते, कार्ड सेव्हर १ हा त्यातला नेहमीचा. टॉपलोडर पाठवू नका, त्यातून कार्ड बाहेर काढताना कोपरे घासतात. स्लीव्हच्या वरच्या कडेला छोटी चिकटचिठ्ठी अर्धी बाहेर ठेवून लावा, म्हणजे ती धरून कार्ड ओढता येतं. होल्डरवर सेलोटेप नको, तिचा डिंक उघडताना कार्डाला लागतो. अर्जातल्या क्रमानेच कार्डं लावा, दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये धरा, रबरबँड पुठ्ठ्यावर सैल बसवा आणि सगळा गठ्ठा बबलरॅपमध्ये, हलवला तर आतून आवाज येणार नाही असा खोक्यात बसवा.

भारतातून पाठवणारे बहुतेक जण एकत्र गोळा करणाऱ्या मध्यस्थामार्फत पाठवतात. त्यात टपालखर्च वाटला जातो. पण खातं त्यांच्या नावावर असतं, हे लक्षात ठेवा. देण्याआधी प्रत्येक कार्डाच्या दोन्ही बाजूंचं स्कॅन, यादी, घोषित किंमत आणि "हरवल्यास भरपाई किती" हे लेखी घ्या. स्वतः पाठवत असाल तर निर्यातीचे कागद आणि तेच स्कॅन जपून ठेवा. परत येताना जकात विभागापुढे ही आपलीच, इथून गेलेली वस्तू आहे हे दाखवावं लागतं, आणि कागद नसतील तर ती नवीन आयात समजली जाऊ शकते.

स्वरदा

स्लॅबमधलं कार्ड विकत घेताना स्लॅबच नकली निघाला तर? अशा तक्रारी वाचल्या आहेत.

जुनाठेवा

नकली स्लॅब आहेत, आणि त्यांच्यावरचा क्रमांक बऱ्याचदा खरा असतो, दुसऱ्याच कार्डाचा चोरलेला. म्हणून क्रमांक संकेतस्थळावर टाकून नाव जुळलं एवढ्यावर थांबू नका. अनेक क्रमांकांसोबत कंपनीने काढलेला कार्डाचा फोटो असतो. तो आणि विक्रेत्याचा फोटो शेजारी ठेवा. जुन्या होलो कार्डांत फॉइलवरच्या ताऱ्यांची आणि भोवऱ्यांची जागा प्रत्येक प्रतीत वेगळी पडते, कारण फॉइलचा कागद छपाईशी जुळवून कापलेला नसतो. चारिझार्डच्या पंखाजवळ मोठा तारा असेल तर दोन्ही फोटोंत तो तिथेच हवा. सेंटरिंगही जुळवा. एवढं जुळवलं की चोरलेला क्रमांक बऱ्याचदा पकडता येतो.

प्लॅस्टिकच्या कडाही बघा. खऱ्या स्लॅबचे दोन भाग ध्वनिलहरींनी वितळवून जोडलेले असतात, कडेला एकसारखी धूसर पट्टी दिसते. गोंदाचा पिवळटपणा, कोपऱ्याला दाबल्याच्या खुणा किंवा चिरा दिसल्या तर स्लॅब उघडून आतलं कार्ड बदललेलं असू शकतं.

खाडीपलीकडे

इकडच्या हवेबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो. मुंबई आणि कोकणात जून ते सप्टेंबर फॉइल कार्डं वाकतात. कागद ओल शोषून पसरतो, फॉइलचा थर पसरत नाही, म्हणून कार्ड फॉइलच्या बाजूला आत वळतं. कोरड्या हवेत, किंवा सतत एसी असलेल्या खोलीत, उलट्या बाजूला. सिलिका जेलच्या पुड्या भरपूर टाकून डबा बंद केला की हवा अती कोरडी होते आणि कार्डं दुसरीकडे वळतात. घट्ट झाकणाचा डबा, त्यात छोटा आर्द्रतामापक आणि ४९ टक्क्यांवर आर्द्रता धरून ठेवणाऱ्या पुड्या, हे सगळ्यात चांगलं. ४५ ते ५० मध्ये ठेवा. वाकलेलं कार्ड पुस्तकाखाली दाबू नका, पंधरा-वीस दिवस या डब्यात राहिलं की बहुधा आपोआप सरळ होतं.

स्लीव्ह पॉलिप्रॉपिलीनचेच घ्या. स्टेशनरीच्या दुकानातले वास येणारे मऊ प्लॅस्टिकचे अल्बम पीव्हीसीचे असतात. त्यातलं मऊपणा देणारं रसायन बाहेर येऊन पृष्ठभागाला चिकटतं. रिंगच्या बाइंडरमध्ये आतल्या बाजूच्या कार्डांवर खळगे पडतात, बाजूने खिसे असलेला, रिंग नसलेला बाइंडर घ्यावा.

तळेगावकर

शेवटचा प्रश्न. टॉप्सची आयपीएल क्रिकेट अटॅक्स कार्डं बऱ्याच घरांत आहेत. त्यांचं काय करावं?

एडिसनकर

त्यांना तोच हिशेब लावा. फरक एवढाच की या कार्डांच्या नोंदलेल्या विक्र्या फार कमी आहेत. १० आणि ९ च्या भावांसाठी पाच विक्र्याही सापडत नसतील, तर शक्यतांचं गणित मांडायला आधारच राहत नाही. अशी कार्डं रॉ ठेवा. सेट पूर्ण करा. मर्यादित आवृत्तीची आणि फॉइलची वेगळी काढून स्लीव्हमध्ये घाला, बाकीची क्रमांकानुसार लावून डब्यात उभी ठेवा. रबरबँड लावून ठेवलेली असतील तर आजच सोडवा, रबर कडेला खाच पाडतं आणि उन्हाळ्यात वितळून चिकटतं. विकायचीच असतील तर पूर्ण सेट, क्रमांकांची यादी आणि मागच्या बाजूंचे स्पष्ट फोटो देऊन विका. पूर्ण सेटला सुट्या कार्डांपेक्षा गिऱ्हाईक लवकर मिळतं.